दही, फळं आणि घरचा ग्रॅनोला: न्याहारीच्या पार्फेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी आठवड्यातून तीन-चार सकाळी पोहे-उपम्याऐवजी काचेच्या पेल्यात दही, फळं आणि घरी भाजलेला ग्रॅनोला, म्हणजे काकवीत घोळवून कुरकुरीत भाजलेले ओट्स आणि सुकामेवा, असतो. घरी आलेल्या नातेवाइकांनी, शेजारणींनी आणि परगावच्या मैत्रिणींनी त्याबद्दल जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण दही आणि भाजणं या दोन गोष्टी जमल्या की बाकी सगळं आपोआप जमतं.

पार्फे म्हणजे नक्की काय? फळं घातलेलं श्रीखंडच ना?

नाही, आणि हा फरक कळणं फार गरजेचं आहे. श्रीखंडात साखर चक्क्यात पूर्ण मुरते, सगळं एकजीव होतं, आणि तीच त्याची गोडी असते. पार्फेत उलट आहे. दही थंड आणि मऊ, फळ रसाळ, ग्रॅनोला कुरकुरीत, आणि या तिन्ही गोष्टी चमच्यात एकत्र येईपर्यंत वेगळ्या राहायला हव्यात. म्हणून तर थर लावतात.

शब्द फ्रेंच आहे, अर्थ ‘परिपूर्ण’. फ्रान्समध्ये या नावाचा पदार्थ म्हणजे साय, अंडी आणि साखरेच्या पाकाचं गोठवलेलं मिष्टान्न. अमेरिकेत गेल्यावर उंच पेल्यात थर लावून वाढलेल्या गोडालाही पार्फे म्हणू लागले, आणि तिथेच पुढे त्यातलं आइस्क्रीम जाऊन दही आलं, वर ग्रॅनोला आला आणि तो न्याहारीचा पदार्थ झाला. आपण करतो तो हा शेवटचा अवतार. त्यामुळे त्याला नाश्ताच राहू द्या. साखर, चॉकलेट सॉस, बिस्किटांचा चुरा घालत गेलात तर तो परत मिष्टान्नाकडे जातो.

ग्रॅनोला आणि मुसली यांत फरक काय?

मुसली न भाजता, न गोड करता नुसती मिसळलेली असते. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आपल्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली, आणि ती भिजवूनच खायची असते. ग्रॅनोला थोड्या स्निग्धात आणि गोडात घोळवून भाजलेला असतो. त्याचा उगम अमेरिकेतला. 1863 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथल्या आरोग्यधामात डॉ. जेम्स जॅक्सन यांनी गव्हाच्या पिठाचे भाजलेले कडक तुकडे केले आणि त्यांना ‘ग्रॅन्युला’ म्हटलं. ते इतके कडक होते की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसत. पुढे अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीकच्या डॉ. केलॉग यांनी तसाच पदार्थ केला, नावावरून वाद झाला आणि ‘ग्रॅनोला’ हे नाव आलं. आज आपण खातो तो ओट्सचा, सुक्यामेव्याचा ग्रॅनोला 1960 च्या दशकानंतर अमेरिकेत रुळला.

तयार पाकीट मिळतं की. घरी कशाला करायचा?

पाकीट आणा, पण त्यामागची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर दुसऱ्या-तिसऱ्या जागी असेल, आणि पुढे ग्लुकोज सिरप, माल्ट अशी तिचीच भावंडं वेगवेगळ्या नावांनी असतील, तर ते पाकीट न्याहारीचं नाही. घरी केलं की गोड किती, मीठ किती, तेल कोणतं, हे आपल्या हातात राहतं. आणि ताज्या भाजलेल्या तिळाचा, दालचिनीचा जो वास घरभर सुटतो तो पाकिटात मिळत नाही.

दही कसं हवं? नेहमीचं घरचं चालतं का?

चालतं, आणि नीट लागलेलं असेल तर तेच सगळ्यात चांगलं. तीन गोष्टी हव्यात: आंबट नको, तार नको, पाणी सुटलेलं नको.

सुरुवात दुधापासून. पिशवीवर ‘फुल क्रीम’ असेल तर त्यात किमान 6 टक्के स्निग्धांश असतो, ‘टोन्ड’मध्ये 3 टक्के. म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध दाट लागतं, पण टोन्ड दुधाचंही छान होतं. त्यासाठी उकळी आली की लगेच गॅस बंद करू नका. मंद आचेवर आणखी आठ-दहा मिनिटं ढवळत राहू द्या. थोडं पाणी उडतं, शिवाय दुधातल्या पाण्यात असलेली प्रथिनं त्या उष्णतेने उलगडतात आणि दही लागताना पाणी धरून ठेवतात. दह्याला पाणी सुटतं अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्याकडे बहुतेक वेळा ही पायरी गळलेली असते.

मग दूध कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून दहापर्यंत आकडे मोजता आले, ऊब जाणवली पण चटका बसला नाही, की झालं. थर्मामीटर असेल तर 40 ते 43 अंश. अर्धा लिटर दुधाला उन्हाळ्यात अर्धा चमचा विरजण पुरतं, थंडीत एक चमचा. जास्त विरजण घातलं की दही लवकर आणि दाट लागेल असं वाटतं, पण ते आंबट होतं आणि पाणी सोडतं. विरजण आधी चमच्याने फेटून एकसारखं करा, मगच दुधात मिसळा.

उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं. थंडीत, विशेषतः नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत, आठ-दहा तासही लागतात. तेव्हा भांडं जाड टॉवेलात गुंडाळा किंवा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. एकदा भांडं ठेवलं की हलवून बघायचं नाही. लागलं की लगेच फ्रिजमध्ये. बाहेर राहिलेला प्रत्येक जादा तास आंबटपणा वाढवतो, आणि तो झाकायला मग मध ओतावा लागतो. सगळ्या पेल्यातला गोडवा खरं तर इथेच ठरतो. दही गोडसर असेल तर वर काहीच घालावं लागत नाही.

मग चक्का करायचा की दही तसंच घ्यायचं?

मधला मार्ग घ्या. श्रीखंडाला आपण पुरचुंडी रात्रभर टांगतो. तेवढा कोरडा चक्का पार्फेत घशाशी येतो, चमचा रुततो. त्याउलट नुसतं दही घेतलं तर दहा मिनिटांत त्याचं पाणी ग्रॅनोलात उतरतं. गार, लागलेलं दही धुवट सुती फडक्यात बांधून फ्रिजमध्येच चाळणीवर दोन ते तीन तास ठेवा, खाली पातेलं. एक लिटर दुधाच्या दह्यातून साधारण 300 ते 400 मिलिलिटर पाणी निघतं आणि दही जाड सायीसारखं राहतं. दुकानात ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून मिळतं ते असं पाणी काढलेलं दहीच. ते विकत आणणार असाल तर साधं, बिनसाखरेचं आणि फळांचा स्वाद नसलेलं आणा.

बांधायच्या आधी आणि नंतर मिक्सर लावू नका. मिक्सरने दह्याची वीण तुटते आणि ते पातळ होतं. पाणी काढून झाल्यावर चमच्याने किंवा रवीने हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा, पुरे.

निघालेलं पाणी ओतून देऊ नका. कणीक किंवा थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा, नाहीतर कढीत घाला.

ग्रॅनोलाचं तुमचं प्रमाण सांगा.

साधे जाड ओट्स 300 ग्रॅम. बदाम आणि काजू मिळून 100 ग्रॅम, ओबडधोबड चिरून. भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, तीळ, जवस मिळून 80 ग्रॅम. पातळ तूप किंवा खोबरेल, म्हणजे खाण्याचं नारळाचं तेल, 60 ग्रॅम. काकवी 110 ग्रॅम, म्हणजे सपाट पाच मोठे चमचे. अर्धा छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा दालचिनी पूड. दालचिनी नको असेल तर वेलची-जायफळ घाला. तुपाबरोबर वेलची आणि खोबरेलाबरोबर दालचिनी मला जास्त जुळते.

मीठ वगळू नका. अर्ध्या चमच्याने खारट लागत नाही, पण ते नसेल तर ग्रॅनोला सपक लागतो आणि मग माणूस गोड वाढवत जातो.

एवढ्यात 40 ग्रॅमचे साधारण 15 वाटे होतात. चौघांच्या घराला आठवड्याभराला पुरेल.

ओव्हन असेल तर 150 अंशांवर आधी तापवून घ्या. ओलं आणि कोरडं हाताने नीट चोळून मिसळा, म्हणजे प्रत्येक ओट्सला काकवीचा हात लागेल. ट्रेमध्ये बोटाच्या एका पेराहून जाड थर नको. मधल्या कप्प्यात 25 ते 30 मिनिटं, आणि पंधराव्या मिनिटाला एकदा कडेचं मध्ये, मधलं कडेला. लहान ओटीजीमध्ये, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरची तापणारी कांडी ट्रेच्या फार जवळ असते, त्यामुळे तिथे 140 अंशच ठेवा आणि विसाव्या मिनिटापासून नजर हलवू नका.

ओव्हन नाही. कढईत होतो का?

होतो. मी पहिली दोन वर्षं कढईतच केला आणि अजूनही कमी प्रमाणात करायचा असला की कढईच काढते. ज्यांचा हात चिवड्यावर बसला आहे त्यांना हे सांगायचीही गरज नाही. चिवड्यासारखंच इथेही प्रत्येक वस्तू वेगळी भाजायची, कारण प्रत्येकीचा वेळ वेगळा आहे.

जाड बुडाची, पसरट कढई घ्या. आधी ओट्स, कोरडेच, मंद आचेवर आठ ते दहा मिनिटं. रंग फार बदलू द्यायचा नाही. भाजलेल्या रव्यासारखा वास आला आणि हाताला हलके लागले की काढायचे. मग अर्धा चमचा तुपावर बदाम-काजू, चार-पाच मिनिटं. मग भोपळ्याच्या बिया, त्या फुगून टपटप उडायला लागतात. जवस तडतडलं की लगेच काढायचं. तीळ सगळ्यांत शेवटी, मिनिटभर पुरे. तीळ करपले तर पूर्ण ग्रॅनोला कडवट होतो आणि त्यावर कसलाही उपाय नाही.

आता उरलेलं तूप आणि काकवी कढईत घ्या, मीठ घाला आणि मंद आचेवर फसफसू द्या. थेंब थंड पाण्यात टाकून पाहा. विरघळून न जाता त्याची घट्ट गोळी झाली की पाक तयार. चिक्कीचा, काचेसारखा वाजणारा पाक नको, त्याने दात दुखतात. सगळं भाजलेलं एकदम घालून, आच मंदच ठेवून, सहा-सात मिनिटं उलथन्याने खालून वर परता. सुरुवातीला चिकट गोळा वाटेल, मग हळूहळू मोकळं व्हायला लागेल. गॅस बंद करून दालचिनी घाला आणि तूप लावलेल्या ताटात पसरून वाटीच्या बुडाने दाबा.

ओव्हनमधून काढला तर मऊच आहे. अजून भाजू का?

नको. हीच चूक करून मी सुरुवातीला दोन ट्रे जाळले आहेत. गरम असताना पाक मऊच असतो, कडकपणा गार झाल्यावर येतो. रंग फिका सोनेरी झाला आणि सुकामेवा खरपूस दिसला की बाहेर काढा आणि तासभर हात लावू नका. पूर्ण गार झाल्यावरही मऊ असेल तर मात्र परत दहा मिनिटं 120 अंशांवर ठेवा.

चिक्कीसारखे मोठे तुकडे हवे असतील तर तीन गोष्टी करा. मूठभर ओट्स मिक्सरमधून पीठ करून मिश्रणात घाला, भाजायच्या आधी आणि काढल्यावर थर दाबून घट्ट करा, आणि गार होईपर्यंत ढवळू नका. मग हाताने मोडा.

मनुका, खजूर, सुकं अंजीर भाजायच्या मिश्रणात कधीच घालू नका. ते उष्णतेने फुगतात, मग खड्यांसारखे कडक होतात. ग्रॅनोला गार झाल्यावर मिसळा, तेही तेवढ्याच आठवड्याला लागेल तेवढ्यात, कारण त्यांच्या ओलाव्याने बाकीचा ग्रॅनोला हळूहळू मऊ पडतो. सुक्या खोबऱ्याचे काप शेवटच्या पाच मिनिटांत.

ओट्स कोणते? आणि ओट्स नकोच असतील तर?

पाकिटावर ‘रोल्ड’ लिहिलेले, पूर्ण चपटे दाणे दिसणारे घ्या. ‘इन्स्टंट’ किंवा ‘क्विक’ ओट्स बारीक असतात, पाकात त्यांचा लगदा होतो आणि लवकर करपतात. ‘स्टील कट’ म्हणजे ओट्सचे रवाळ तुकडे, ते भाजून दातांखाली कच्चेच राहतात.

ओट्सशिवायही उत्तम होतं. ज्वारीचे पोहे आणि राजगिऱ्याच्या लाह्या माझ्या सगळ्यात आवडीच्या. निम्मे ओट्स काढून त्यांच्या जागी ज्वारीचे पोहे घातले तर ग्रॅनोला हलका आणि जास्त कुरकुरीत होतो. लाह्या आणि पोहे आधीच फुललेले असतात, म्हणून त्यांना लांब भाजणं सोसत नाही. ओव्हनमध्ये ते शेवटच्या आठ मिनिटांतच घाला. पाकही थोडा कमी लागतो.

ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, वर्ज्य असलेल्यांनी ओट्सच्या पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ असल्याशिवाय वापरू नयेत. ओट्समध्ये गव्हाचा अंश गिरणीत मिसळलेला असू शकतो. सिलिअॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आतड्याचा आजार, असलेल्या काहींना शुद्ध ओट्सही मानवत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना विचारा. ज्वारी-राजगिऱ्याचा मार्ग त्यांच्यासाठी सरळ आहे.

काकवी, गूळ, मध, साखर यांतलं काय चांगलं?

चवीला आणि कामाला काकवी. ती मुळातच पातळ असते, ओट्सवर सहज पसरते, आणि तिच्यातला किंचित कडसर, उसाचा खमंगपणा दह्याच्या आंबटगोड चवीशी फार छान लागतो. कोल्हापूर-सांगलीकडे गुऱ्हाळावरून बाटली आणलीत तर उत्तमच. काकवी नसेल तर 100 ग्रॅम चिरलेला गूळ दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवा, गाळून घ्या. बाजारच्या गुळात बारीक कचरा असू शकतो, म्हणून गाळणं सोडू नका.

मधाचं विचाराल तर आयुर्वेदात मध तापवणं वर्ज्य सांगितलं आहे आणि आपल्या बहुतेक घरांत ते पाळतात. शिवाय चांगल्या मधाचा सुगंध 150 अंशांत टिकत नाही, तो वाया जातो. म्हणून मी भाजायला काकवी वापरते आणि मध हवाच असेल तर पेला भरून झाल्यावर वरून अर्धा चमचा सोडते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. गूळ, काकवी, मध हे साखरेहून ‘निर्धोक’ नाहीत. चव वेगळी, थोडी खनिजं जास्त, पण शरीराच्या दृष्टीने तीही साखरच.

पावसाळ्यात दोन दिवसांत मऊ पडतो. काय करू?

गूळ आणि काकवी हवेतला ओलावा ओढतात, त्यामुळे कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे होणारच. ग्रॅनोला गार झाला रे झाला की डब्यात भरा, रात्रभर ताटात उघडा ठेवू नका. पण किंचितही कोमट असताना झाकण लावू नका, आत वाफ धरते. एका मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन छोटे, घट्ट झाकणाचे डबे करा, म्हणजे रोज सगळा डबा उघडला जात नाही. जास्तीचा सरळ फ्रीजरमध्ये ठेवा. तो गोठून दगड होत नाही, काढल्याबरोबर खाता येतो. मऊ पडलेलाच असेल तर 120 अंशांवर आठ-दहा मिनिटं किंवा मंद कढईत पाच मिनिटं परता, गार करा, परत कुरकुरीत होतो.

कोरड्या हवेत बाहेर तीन आठवडे छान राहतो. त्यानंतर जवसाला आणि सुक्यामेव्याला खवट वास येऊ लागतो. वास घेऊन पाहिलात की लगेच कळतं.

थर कोणत्या क्रमाने लावायचे?

लगेच खाणार असाल तर तळाला दही, त्यावर फळ, त्यावर ग्रॅनोला, पुन्हा दही, पुन्हा फळ, आणि सगळ्यात वर ग्रॅनोला. एका पेल्याला 150 ग्रॅम दही, वाटीभर चिरलेलं फळ आणि 40 ग्रॅम ग्रॅनोला. सगळा ग्रॅनोला वरच टाकला तर अर्धा पेला संपेपर्यंत तोही संपतो आणि खाली नुसतं दही उरतं, म्हणून मध्ये एक थर. पेला रुंद तोंडाचा घ्या, चमचा तळापर्यंत जायला हवा. स्टीलच्या वाटीतही चव तीच लागते. काच फक्त थर दिसावेत म्हणून.

ऑफिसच्या डब्यात नेता येतं का?

येतं, पण ग्रॅनोला वेगळ्या डबीत. तळाला फळ, वर दही, झाकण, आणि ग्रॅनोला खायच्या क्षणी. लोकलने दीड तास प्रवास असेल तर दही आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये अगदी गार केलेलं हवं आणि डब्याशेजारी बर्फाची पिशवी हवी. उन्हाळ्यात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. फळ कापलेलं आहे, नुसत्या दह्यापेक्षा ते लवकर बिघडतं.

कोणत्या महिन्यात कोणतं फळ?

हा माझा आवडीचा प्रश्न, कारण याच्यामुळे एकच न्याहारी वर्षभर कंटाळवाणी होत नाही.

डिसेंबर ते मार्च महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी. फार आधी चिरून साखर लावून ठेवू नका, पाणी सोडते. आयत्या वेळी चिरा. त्याच सुमारास पुरंदरचं अंजीर येतं. पिकलेलं अंजीर हाताने चार भाग करून दह्यावर ठेवलं, वर तिळाचा ग्रॅनोला, आणि दुसरं काहीच नाही. माझ्या मते वर्षातला सगळ्यात सुंदर पेला हाच. एप्रिल-मेमध्ये आंबा, हापूस किंवा मराठवाड्याचा केशर. आंब्याच्या वेळी ग्रॅनोलात दालचिनीऐवजी वेलची आणि वर दोन काड्या केशर. आमरस ओतू नका, फोडी घाला, रसाने ग्रॅनोला भिजतो. पावसाळ्यात डाळिंब. दाणे स्वतःच कुरकुरीत असतात आणि पाणी सोडत नाहीत, त्यामुळे डब्यासाठी हे सर्वांत सोयीचं फळ. ऑगस्टनंतर सीताफळ, बिया काढायचा कंटाळा नसेल तर. थंडीत घोलवडचा चिकू, पण चिकू असेल तेव्हा काकवी-मध काहीच नको. केळी बारमाही. चिरली की लगेच दह्याखाली झाका, काळी पडत नाहीत.

अननस आणि किवी कच्चे घालू नका. त्यांच्यात प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात, थोड्याच वेळात दही कडू आणि पातळ होतं. कच्च्या पपईचंही तेच. अननस हवाच असेल तर फोडी चार-पाच मिनिटं वाफवून किंवा कढईत परतून पूर्ण गार करून घाला. उष्णतेने ती द्रव्यं निकामी होतात.

दही आणि फळं एकत्र हा विरुद्ध आहार नाही का? आई रागावते.

आईचं म्हणणं परंपरेला धरून आहे. आयुर्वेदात दूध आणि आंबट फळं यांचा संयोग विरुद्ध मानला आहे, आणि दह्याबद्दलही रात्री खाऊ नये असे नियम सांगितले आहेत. आधुनिक आहारशास्त्रात निरोगी माणसाने दही-फळ एकत्र खाण्यावर बंदी नाही. आपल्याकडे केळ्याची शिकरण आहे, दह्यातल्या कोशिंबिरीत डाळिंब-सफरचंद पडतं, आम्रखंड तर सणाला होतं. आमच्या घरी सासूबाई फळ वेगळ्या बशीत घेतात आणि दही-ग्रॅनोला वेगळा खातात, मी एकत्र खाते. सर्दी-कफाचा त्रास असेल तर फ्रिजमधलं दही पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा, फार गार नको. ज्यांना खाल्ल्यावर खरंच जड वाटतं त्यांनी आग्रहाने खाऊ नये.

वजन आणि मधुमेहाच्या दृष्टीने कसं?

वर दिलेल्या प्रमाणाचा 40 ग्रॅम ग्रॅनोला सुमारे 200 कॅलरींचा होतो आणि त्यात काकवीची साखर साधारण पाच ग्रॅम. पूर्ण पेला 350 ते 400 कॅलरींचा, त्यात प्रथिनं 14-15 ग्रॅमच्या आसपास. न्याहारी म्हणून हे पोट भरणारं आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, तो कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत करतो.

पण ग्रॅनोला ‘पौष्टिक’ म्हणून वाटीने खाण्याची वस्तू नाही. तूप, सुकामेवा, काकवी सगळंच त्यात आहे. पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर 40 ग्रॅम मोजून बघा, साधारण अर्धी वाटी भरेल, मग डोळ्याला अंदाज येतो. मधुमेह असलेल्यांनी काकवी निम्मी करावी, ग्रॅनोला 25 ग्रॅमवर आणावा, वर मध घेऊ नये, आंबा-चिकू-केळ्याऐवजी स्ट्रॉबेरी, पेरू किंवा थोडं डाळिंब घ्यावं, आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर तपासून स्वतःला काय मानवतं ते पाहून डॉक्टरांशी बोलावं.

लहान मुलांना द्यावा का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, चाटवायलाही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला बोटुलिझमचा गंभीर आजार होऊ शकतो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे बदाम-काजू आणि ग्रॅनोलाचे कडक तुकडे घशात अडकण्याची भीती असते, म्हणून त्यांच्या वाट्याचा ग्रॅनोला खलबत्त्यात भरड कुटून दह्यात भिजवून द्या. मोठ्या मुलांना थर स्वतः लावू द्या. माझ्या मुलीने ज्या सकाळी स्वतः पेला भरला, त्याच सकाळी पहिल्यांदा पेरू न कुरकुरता खाल्ला.

दूध-दही खात नाही. पर्याय?

नारळाच्या घट्ट दुधाचं किंवा सोयाच्या दुधाचं दही. दोन्ही पातळ असतात, फडक्यात बांधणं विसरू नका. ग्रॅनोलात तुपाऐवजी खोबरेल.

आम्ही परदेशात आहोत. काकवी, चक्का मिळत नाही.

चक्का तुमच्याकडे आमच्यापेक्षा सोपा आहे. साधं ग्रीक योगर्ट आणा, फार घट्ट असेल तर दोन चमचे दुधाने सैल करा. भारतीय दुकानात गूळ मिळतो, तो पाण्यात विरघळवून वापरा. मेपल सिरपही चालतं, मात्र ते काकवीहून पातळ असल्याने भाजायला चार-पाच मिनिटं जास्त द्या. ओट्स, बेरी, अक्रोड तर तिकडे मुबलक. वेलची आणि तीळ तेवढे घालाच, सकाळी डबा उघडला की घरचा वास येतो.

उपवासाला चालेल असा होईल का?

होतो. ओट्स उपवासाला चालत नाहीत, म्हणून राजगिऱ्याच्या लाह्या 100 ग्रॅम, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांची भरड 50 ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप 25 ग्रॅम, 60 ग्रॅम गूळ आणि दोन मोठे चमचे तूप घ्या. गूळ-तुपाचा पाक फसफसला की गॅस बंद करा, शेंगदाणे आणि खोबरं घाला, शेवटी लाह्या घालून हलक्या हाताने घोळवा, नाहीतर त्या चुरतात. ताटात पसरून गार करा. आषाढी एकादशीला आमच्याकडे साबुदाण्याच्या खिचडीनंतर संध्याकाळी हाच असतो: घट्ट दही, केळं, डाळिंबाचे दाणे आणि वर मूठभर लाह्यांचा ग्रॅनोला. तीळ काही घरांत उपवासाला चालतात, काहींत नाही, तेव्हा आपल्या घरची रीत पाहून घाला.